पूर ओसरल्यावर नदीकाठच्या रानात काय आधी, काय नंतर

प्रश्न थोडक्यात असा: सीना नदीकाठी चार एकर रान आहे. सप्टेंबर २०२५ च्या पुरात नदीकडची दीड एकर माती खरवडून गेली आणि मुरूम उघडा पडला. मधल्या एकरावर वाळू आणि गाळ साचला. उरलेल्या दीड एकरातला ऊस चार-पाच दिवस पाण्यात होता. विहीर निम्म्याहून जास्त गाळाने भरली आहे. रब्बी हातची जाऊ नये म्हणून लगेच ट्रॅक्टर आणि पोकलेन लावावा का?

लगेच लावू नका. पुरानंतर पहिल्या पंधरवड्यात घाईने केलेल्या कामाने पुराइतकेच नुकसान होऊ शकते, आणि त्याची भरपाई कोणी देत नाही. कामे क्रमाने घ्या.

कशालाही हात लावण्याआधी फोटो काढा. मोबाइलमध्ये लोकेशन आणि तारीख उमटणारा कॅमेरा वापरा. प्रत्येक तुकड्याचा एक दुरून आणि एक जवळून असा फोटो घ्या. दुरून काढताना बांध, खांब किंवा झाड अशी ओळखीची खूण चौकटीत येऊ द्या. वाळूच्या थरात खड्डा घेऊन त्यात पट्टी उभी धरा, इंच वाचता आले पाहिजेत. याला कारण आहे. २०२५ च्या मदतीच्या निकषात गाळ-वाळूचा थर ३ इंचांपेक्षा जास्त असेल तरच तो काढण्यासाठी हेक्टरी १८,००० रुपये बसत होते. जमीन वाहून गेली असेल तर हेक्टरी ४७,००० रुपये हा वेगळा विषय, आणि ३३ टक्क्यांहून जास्त पीक गेले हा तिसरा. पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येतात तेव्हा घाईत सगळे एकाच ओळीत ‘पीक नुकसान’ म्हणून लिहिले जाण्याची भीती असते. गटनंबर, खरवडलेले क्षेत्र, गाळाचे क्षेत्र, विहीर आणि मेलेली जनावरे यांची स्वतंत्र नोंद झाली का, हे सही करण्याआधी वाचून घ्या. ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून होणाऱ्या पीक नोंदणीत) ऊस लावलेला दिसतो का, तेही पाहा.

७ ऑक्टोबर २०२५ ला राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात खरवडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि ३ लाख रुपये रोजगार हमीतून, गाळाने भरलेल्या विहिरीला ३०,००० रुपयांपर्यंत, आणि रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० रुपये अशी तरतूद होती. ते ३ लाख खात्यात येत नाहीत, कामाच्या रूपाने मिळतात. म्हणून ग्रामपंचायतीच्या रोजगार हमी आराखड्यात तुमचा गट चढवून घेणे ही वेगळी पायरी आहे. ‘७२ तासांत विमा कंपनीला कळवा’ हा निरोप अजून फिरतो आहे, पण खरीप २०२५ पासून राज्यात स्थानिक आपत्तीचा तो निकष काढून टाकला गेला. विम्याची भरपाई महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगावर ठरते. तक्रार नोंदवल्याने तोटा नाही, पण तिच्यावर विसंबू नका.

आता विहीर. तिथे जीव जाऊ शकतो, म्हणून इतर कामांच्या आधी तिच्याबद्दल लिहितो.

पहिला धोका ढासळण्याचा. पूर ओसरला तरी विहिरीभोवतीची जमीन आठवडाभर किंवा जास्त पाण्याने गच्च असते. आतले पाणी एका दिवसात उपसले की बाहेरच्या ओल्या मातीचा दाब बांधकामावर एकदम येतो. आतून त्याला तोलणारे पाणी नसल्याने कोरड्या दगडाचे कडे किंवा सिमेंटच्या रिंगा आत येतात. दिवसाला ३ ते ४ फूट एवढेच पाणी उतरवा, रात्रभर थांबा, सकाळी पातळी पाहा. रात्रीत जितके उपसले तितकेच पुन्हा भरत असेल तर भोवतीचे पाणी अजून उतरलेले नाही. आणखी चार-सहा दिवस थांबा. काठाला समांतर भेग दिसली तर यारी (गाळ वर ओढणारे यंत्र) त्या बाजूला उभी करायची नाही.

दुसरा धोका वायूचा. पुराबरोबर आलेले पाचट, कडबा, मेलेली जनावरे गाळात कुजतात. त्यातून कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतात आणि तळाचा ऑक्सिजन संपतो. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत अर्धीच उपयोगाची आहे. कंदील विझला तर उतरायचे नाही, हे नक्की. पण कंदील जळत राहिला म्हणजे विहीर सुरक्षित आहे, असे होत नाही. हायड्रोजन सल्फाइड इतक्या कमी प्रमाणात मारतो की ज्योतीवर काही दिसत नाही, आणि मिथेन असेल तर ज्योतच धोक्याची. ब्लोअरचा पाइप तळापर्यंत सोडून तासभर हवा मारा आणि माणूस आत असेपर्यंत ब्लोअर चालू ठेवा. उतरणाऱ्याच्या छातीला दोर, वर किमान दोन माणसे. डिझेल इंजिन विहिरीत उतरवू नका, त्याचा धूर आतच साठतो. एक जण आत कोसळला तर दुसऱ्याने दोराशिवाय उडी घ्यायची नाही. एका विहिरीत दोन-तीन जण जातात ते याच कारणाने.

गाळाचा हिशेब आधी करा म्हणजे ठेकेदाराशी बोलता येते. २० फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट गाळ म्हणजे ३१४ घनफूट, सुमारे ३ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). १५ फूट गाळ असेल तर ४७ ब्रास. वरचा पातळ भाग मड पंपाने निघतो, खालचा घट्ट भाग यारीनेच काढावा लागतो. नेहमीचा पाणबुडी पंप गाळात चालवला तर इंपेलर आणि बुश झिजून जातात.

पाण्यात बुडालेली मोटर सुरू करून पाहण्याचा मोह आवरा. स्टार्टर, पॅनेल आणि केबलचे जोड आधी स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवा. कपॅसिटर फुगला असेल तर बदला. मग वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन तपासून घ्या. १ मेगाओहमच्या खाली वाचन असेल तर मोटर भट्टीत वाळवावी लागेल. पाण्याने भरलेली पाणबुडी मोटर असेल तर आतले पाणी काढून स्वच्छ पाणी भरून घ्या. बुडालेल्या डीपीला (ट्रान्सफॉर्मरला) स्वतः फ्यूज टाकायला जाऊ नका.

विहिरीचे पाणी पिण्यालाही वापरत असाल तर गाळ काढल्यावर, पाणी निवळल्यावरच टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाका. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीवरच खर्ची पडतो. व्यास ६ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल तर सुमारे १,१३,००० लिटर पाणी झाले. पुरानंतरच्या पहिल्या शुद्धीकरणाला १,००० लिटरमागे ८० ग्रॅम, म्हणजे अंदाजे ९ किलो पावडर लागते. बादलीत कालवून निवळ तेवढी विहिरीत ओता, चुन्याचा साका बाहेर टाका. रात्रभर ठेवा, मग वास जाईपर्यंत उपसा. पुढे रोजच्या मात्रेला १,००० लिटरमागे २.५ ग्रॅम पुरतात. हे प्रमाण चांगल्या पावडरचे आहे. दमट खोलीत उघडे पडलेले पोते निम्मे मेलेले असते. जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरला का याची तपासणी) करून घ्या आणि तोवर पाणी उकळूनच प्या. नुसत्या शेतीच्या विहिरीला हा खर्च करू नका.

उसाकडे येऊ. ऊस पाण्यात उभा होता का शेंड्यासकट बुडाला होता, यावर सगळे ठरते. शेंडा पाण्याबाहेर असेल तर चार-पाच दिवसांनी ऊस मरत नाही, फक्त थांबतो. पाच-सहा ठिकाणचे ऊस घेऊन शेंड्याचा भाग उभा चिरा. वाढीचा कोंब पांढरा आणि कडक असेल तर ऊस जिवंत आहे. तपकिरी, मऊ, आंबूस वास असेल तर मेला. मेलेल्या शेंड्याच्या उसाला खालच्या डोळ्यांतून पांगशा फुटतात. त्या कांडीतली साखर खाऊन वाढतात आणि वजन आणि साखर उतारा दोन्ही उतरतात. असा ऊस आधी तुटायला हवा. २०२५-२६ च्या हंगामाचे गाळप १ नोव्हेंबर २०२५ पासून ठरले होते. म्हणून चिटबॉयच्या (ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या) तोंडी आश्वासनावर न राहता कारखान्याच्या शेती विभागाला लेखी अर्ज द्या, फोटो जोडा. तीन-चार महिन्यांत तुटणार असलेल्या उसाला आता युरिया देऊ नका, साखर भरायच्या वेळी तो हिरवाच राहील. आडसाली (दीड वर्षाचा ऊस) किंवा नवीन लावण असेल तर मात्र वाफसा (मशागतीजोगी ओल) आल्यावर नत्र द्यावे लागेल, कारण पाणी साचलेल्या जमिनीतले नत्र काही वायूरूपाने उडते आणि काही निचऱ्याबरोबर खाली जाते. पिवळेपणा त्याचाच. पोंग्यात (शेंड्याच्या पानांच्या सुरळीत) बसलेला गाळ पंपाच्या पाण्याने धुऊन काढा.

शेजारच्या रानात कापूस किंवा तूर असेल तर तिथे मात्र वेळ फार थोडा आहे. कपाशी अचानक मलूल पडली तर २४ ते ४८ तासांत १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पांढरा पोटॅश आणि २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून झाडाला १०० मिली आळवणी करा (बुंध्याशी ओता), आणि पायाने बुंधा दाबून घ्या. तुरीची मुळे काळी पडून साल सुटत असेल तर तिच्यावर पैसे घालू नका.

ऊस वगळता बाकीच्या रानात पहिले काम निचऱ्याचे. नदीच्या उताराकडे उघडे चर घ्या: दीड-दोन फूट रुंद, दोन ते अडीच फूट खोल, शंभर फुटाला तीन-चार इंच उतार. चर कुदळ-फावड्याने किंवा कडेला उभ्या राहणाऱ्या छोट्या जेसीबीने घ्या, रानात मशीन घालून नव्हे. मग वाफशाची वाट पाहा. काळ्या रानात वरचे दोन इंच वाळून भेगाळलेले दिसतात आणि खाली चिखल असतो, त्यामुळे नजरेवर जाऊ नका. सहा इंच खालची माती घेऊन मुठीत गोळा करा, कमरेच्या उंचीवरून टाका. फुटला तर वाफसा. चपटा होऊन चिकटला तर अजून चार दिवस. वाफशाआधी ट्रॅक्टर घातला तर चाकाखाली आणि फाळाखाली घट्ट थर बसतो, नांगरटीत तव्याएवढी ढेकळे निघतात, ती वाळून दगडासारखी होतात आणि रोटाव्हेटरनेही मोडत नाहीत. तो घट्ट थर पुढची दोन-तीन वर्षे मुळे आणि पाणी दोन्ही अडवतो.

मधल्या एकरातला थर काय आहे हे हातात घेऊन ठरवा. बोटांत गुळगुळीत लागणारा गाळ आणि खरखरीत वाळू यांचे उपाय वेगळे. गाळ २ ते ३ इंच असेल तर नेहमीच्या नांगरटीत मिसळून टाका. वाळू असेल तर ढोबळ नियम असा की थराच्या दुप्पट खोलीपर्यंत नांगर गेला पाहिजे. पलटी नांगर १०-१२ इंच जातो, म्हणून ५-६ इंचांपर्यंतची वाळू खालच्या काळ्या मातीत मिसळता येते. भारी काळ्या रानाला थोडी वाळू निचऱ्याच्या दृष्टीने वाईटही नाही. ८ इंचांच्या वर थर असेल तर तो उचलावाच लागतो. पूर्ण नाही, सहा इंचांवर आणून ठेवला तरी चालतो. इथे एक कायद्याची बाब आहे: वाळू गौण खनिज आहे. स्वतःच्या शेतातली असली तरी ती बाहेर न्यायची किंवा विकायची तर तहसीलदारांची लेखी परवानगी घ्या. नाहीतर ट्रॉली अडवली की दंड तुमच्याच नावावर.

पुराचा गाळ म्हणजे आयते खत ही समजूत अर्धवट आहे. तो गाळ वरच्या शंभर गावांच्या रानातून, ओढ्यातून, गटारातून आला आहे, त्यात सेंद्रिय कर्ब किती हे माती परीक्षणाशिवाय कळत नाही. शिवाय जास्त दिवस पाण्यात राहिलेल्या किंवा पिकाविना पडलेल्या जमिनीत मुळांना स्फुरद मिळवून देणाऱ्या बुरशीचे प्रमाण घटते. पुढच्या पिकात पाने जांभळट होतात आणि लोक त्याला रोग समजतात. पहिल्या पिकाला स्फुरद बियाण्याजवळ द्या, बियाण्याला मायकोरायझा (हीच बुरशी) किंवा पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) लावा, आणि रान उघडे ठेवू नका. तारखेने पाहिले तर कोरडवाहू ज्वारीची वेळ ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. वाफसा त्यानंतर येत असेल तर हरभरा घ्या, आणखी उशीर झाला तर गहू. हरभऱ्याला अशा रानात मर रोग हमखास येतो, किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळल्याशिवाय पेरू नका.

आता दीड एकर मुरूम. इथे आधी आकडे मांडा. एका एकरावर एक इंच माती म्हणजे ३,६३० घनफूट, ३६ ब्रास. साधारण एक ट्रॉली एक ब्रास धरा. सहा इंच थर द्यायचा तर एकरी २१८, दीड एकराला ३२७ ब्रास. मोकळी माती बसल्यावर पाचवा हिस्सा कमी होते, म्हणून प्रत्यक्षात ४०० ट्रॉलींची तयारी ठेवावी लागेल. दीड एकर म्हणजे ०.६ हेक्टर. रोख २८,२०० रुपये आणि रोजगार हमीचे १ लाख ८० हजार, मिळून ट्रॉलीला ५०० रुपयांच्या आसपास. माती दोन-तीन किलोमीटरवर असेल तर हे जमवता येईल, दहा किलोमीटरवरून आणायची तर जमणार नाही. शिवाय चांगली माती ऑक्टोबरात मिळत नाही. तलावातला गाळ एप्रिल-मेमध्ये उघडा पडतो, ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेची कामेही तेव्हाच चालतात. आत्ता मिळते ती ओढ्याकाठची खरवड, तिच्यावर पैसे घालवणे शहाणपणाचे नाही. यंदाची रब्बी या दीड एकरात होणार नाही, हे धरून चाला.

सगळ्या क्षेत्रावर थर देण्याचा हट्टही सोडता येतो. सीताफळ ५ × ५ मीटरवर लावले तर एकरी १६२ झाडे बसतात. प्रत्येक खड्डा २ × २ × २ फूट, म्हणजे ८ घनफूट माती. एकराला १३ ब्रास. २१८ कुठे आणि १३ कुठे! मुरमाला निचरा उत्तम असतो, सीताफळाला तेच हवे असते, आणि रोजगार हमीतून फळबाग लागवडीला अनुदान आहे. खड्डे उन्हाळ्यात घ्या, लागवड जूनमध्ये.

पण माती आणा किंवा झाडे लावा, त्याआधी पाणी कुठून आले ते शोधा. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नदीच्या वळणाच्या बाहेरच्या काठाला प्रवाह घासतो आणि आतल्या काठाला वाळू टाकतो. तुमचे खरवडलेले रान बाहेरच्या वळणावर असेल तर पुढच्या मोठ्या पुरात पाणी त्याच वाटेने येईल आणि ४०० ट्रॉली माती एका रात्रीत घेऊन जाईल. अशा ठिकाणी काठापासून ३० फुटांचा पट्टा सोडून द्या. त्यात बांबू, करंज, वाळा लावा आणि माती त्याच्या आतल्या बाजूला टाका. बांध पुन्हा घालताना त्याला दगडी सांडवा (जादा पाणी जाण्याची वाट) ठेवा. सांडव्याशिवायचा बांध भरतो, एका जागी फुटतो आणि सगळे पाणी त्या एका भगदाडातून जाऊन तिथेच घळ पाडते. तुमच्या रानातली घळ कुठून सुरू होते ते पाहा, बहुधा तिच्या डोक्याशी फुटलेला बांध सापडेल.

पूर एवढा का चढला याचाही विचार करून ठेवा. १ मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर १०,००० लिटर पाणी टाकतो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पडला की अतिवृष्टी धरतात, म्हणजे हेक्टरी साडेसहा लाख लिटर. सप्टेंबरच्या मध्यानंतर जमीन तुडुंब असते, पाझर तलाव भरलेले असतात, धरणे काठोकाठ असतात. १ लाख क्युसेक (सेकंदाला १ लाख घनफूट) प्रवाह दिवसाला ८.६४ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आणतो. सीना-कोळेगाव धरण एकूण पाच-सव्वापाच टीएमसीचे. पूर्ण रिकामे असते तरी पंधरा तासांत भरले असते, आणि ते तर आधीच भरलेले होते. त्यामुळे वर जेवढे येते तेवढे खाली सोडण्याशिवाय गत्यंतर नसते.

जिथे काही हातात असते ती जागा म्हणजे कोल्हापुरी बंधारे. त्यांचे दरवाजे पावसाळ्यात काढून ठेवायचे आणि १५ ऑक्टोबरनंतर टाकायचे असतात. पावसाळ्यात ते तसेच राहिले, किंवा गाळ्यांत (खांबांमधल्या मोकळ्या जागेत) झाडे-ओंडके अडकले, की नदी बंधाऱ्याला वळसा घालते आणि बाजूची भराव-माती कापून थेट शेजारच्या रानातून निघते. बंधारा जागेवर उभा आणि नदी त्याच्या शेजारून वाहते, असे चित्र सीना, मांजरा, तेरणा यांच्या काठी ठिकठिकाणी दिसते. तुमच्या वरच्या अंगाला असा बंधारा असेल आणि त्याची बाजू कापली गेली असेल, तर ती दगडी पिचिंगने (दगडाच्या अस्तराने) बांधल्याशिवाय खालच्या रानात मातीची एकही ट्रॉली टाकू नका. ग्रामसभेच्या ठरावात बंधाऱ्याचे नाव, कापलेल्या भागाची लांबी फुटांत आणि खाली बाधित झालेले गटनंबर लिहून तो ठराव जलसंधारण विभागाला आणि तहसीलला द्या, पोच घ्या. काम उन्हाळ्यात व्हायचे तर अंदाजपत्रक डिसेंबरपर्यंत तयार व्हावे लागते.